ताडपत्री वर केली म्हणून रेडकू गेलं का?

खानापूर तालुक्यातून, जांबोटीकडच्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या ताई चौतीस वर्षांच्या. नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, सकाळी जातो तो रात्रीच परततो. गोठा ताई आणि त्यांचे सासरे बघतात: दोन म्हशी, एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, एक रेडी आणि पाच शेळ्या. थंडी पडू लागली की सासरे गोठा चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद करतात आणि पहाटे आत कोळशाची शेगडी ठेवतात. गेल्या पौषात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी 'हवा खेळू द्या' असं सांगितलं म्हणून ताईंनी एका बाजूची ताडपत्री वर केली. त्याच आठवड्यात म्हैस व्यायली. चौथ्या दिवशी रेडकाला पांढरी हगवण लागली, सहाव्या दिवशी ते दगावलं. 'तूच गारठ्यात मारलंस' असं सासरे तेव्हा बोलून गेले, आणि अजूनही विषय निघाला की बोलतात. यंदा दुसरी म्हैस मार्गशीर्ष सरता सरता विणार आहे. ताडपत्र्या पुन्हा उतरल्या आहेत, जनावरं पहाटे ठसकतात, दुभत्या म्हशीचं दूध वेळेला लिटरभर कमी झालं आहे. ताई विचारतात: हीटर लावावा का? जनावरांचे कोट विकत मिळतात ते घ्यावेत का? डॉक्टरांचं ऐकायचं की मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं? की म्हैस विण्याआधीच विकून मोकळं व्हावं?

ताई,

आधी रेडकाचं बोलू. ते ओझं मनावर घेऊन तुम्ही यंदाच्या विण्याच्या वेळी धड निर्णय घेऊ शकणार नाही.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. म्हैस संध्याकाळी व्यायली, वार (पिलामागून पडणारी झार) मध्यरात्र उलटल्यावर पडली, आणि वार पडल्याशिवाय पाजायचं नाही म्हणून रेडकाला चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, सकाळी मिळाला. शिवाय त्यातल्या बऱ्याचशा चिकाचा खर्वस झाला आणि तो शेजारी वाटला. ताडपत्रीपेक्षा माझं लक्ष याच दोन ओळींवर अडलं.

रेडकू किंवा वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी झगडायची ताकद त्याच्या रक्तात जवळजवळ नसते. गाई-म्हशींत ती पोटात असताना पिलाकडे जातच नाही, सगळी चिकातून येते. ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते, मग तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. म्हणून पहिला चीक तासा-दोन तासांच्या आत पोटात जायला हवा, आणि पहिल्या दिवसभरात पिलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ३० किलोचं रेडकू असेल तर ३ लिटर, तीन-चार वेळा मिळून. तुमच्या रेडकाला पहिला घोट मिळाला तोवर रात्र सरली होती. अशा पिलाला पहिल्या आठवड्यात हगवण लागणं पावसाळ्यातही घडतं आणि भर उन्हाळ्यातही. हगवणीने अंगातलं पाणी जातं, कान-पाय गार पडतात, पिलू मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, गारठ्याने गेलं.

नेमकं कशाने गेलं हे शवविच्छेदनाशिवाय कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. हगवणीने खंगलेल्या पिलाला थंडी जास्त बाधते, तेवढा वाटा थंडीचा जरूर धरा. पण सगळा दोष तुम्ही वर केलेल्या ताडपत्रीच्या माथी मारणं मला पटत नाही, आणि तुम्हीही तो आता उतरवून ठेवा. मामांच्या माथीही मारू नका. वार पडायची वाट बघण्याची रीत आपल्याकडे गावोगाव आहे, ती तुमच्या एकट्या घरची नाही. प्रत्यक्षात रेडकू सडाला लागून ओढू लागलं की म्हशीला पान्हा फुटतो, आणि पान्हा फोडणारा तोच स्राव गर्भपिशवी आकसायला लावतो. म्हणजे लवकर पाजल्याने वार पडायला मदतच होते. खर्वसही जरूर करा, पण पहिल्या दिवशीचा चीक रेडकाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा खर्वस चांगला होतो, शेजारणी रुसणार नाहीत.

आता थंडीकडे वळू. मामा आणि तुम्ही, दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात: आपण कुडकुडतो म्हणजे जनावरही कुडकुडतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, तुमच्याकडे त्यात रान, दव आणि धुकं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुधा १२ ते १५ अंशांच्या आसपास राहतो, एखाद्या वर्षी काही दिवस दहाच्या खाली जातो. आपल्याला एवढ्यात स्वेटर लागतो. पण गाईच्या पोटात शंभर लिटरहून मोठा कप्पा आहे, त्यात वैरण रात्रंदिवस आंबत असते आणि आंबताना ऊब सोडते. ती तिची चूल, कधी न विझणारी. पोटभर खाल्लेली, कोरड्या अंगाची दुभती संकरित गाय पारा शून्याच्या खाली गेला तरी तग धरते. तिला बारा अंशांत काही होत नाही. खरं तर एचएफला आपला चैत्र-वैशाख जड जातो, पौष तिचा सुखाचा महिना.

सुगीनंतर शेतात मेंढरं बसवणारे धनगर तुम्ही पाहिले असतीलच. भर थंडीत, उघड्या रानात, वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढरं रात्र काढतात. आडोसा मिळतो तो फक्त कोकरांना, ती डालग्याखाली झाकलेली असतात. चिकोडी-अथणीकडे ऊसतोडकऱ्यांच्या खोप्यांपाशी बैल सगळा हंगाम आभाळाखाली बांधलेले दिसतील. मोठं जनावर आणि नवं पिलू यांची थंडी वेगळी, हे या माणसांना पक्कं ठाऊक आहे. नव्या वासराला पहिले काही दिवस पारा १०-१५ अंशांच्या खाली गेला की अंग गरम ठेवायला ताकद खर्चावी लागते. त्याची वैरणीची चूल अजून पेटलेलीच नसते, ते नुसतं दुधावर असतं.

म्हैस या दोघांच्या मधली. कातडी जाड पण केस विरळ, त्यामुळे झोंबरा वारा तिला गाईपेक्षा लवकर लागतो. म्हशीच्या अंगावर थेट वारा येऊ नये हा मामांचा आग्रह बरोबर आहे, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांचं चुकतं ते वारा अडवताना हवाही अडवतात तिथे.

आणि तेही का चुकतं ते समजून घ्या, म्हणजे त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल. तीन वर्षांपूर्वी गोठा नवीन बांधला, वर पत्रा आणि खाली कोबा झाला, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी काय होतं? मातीच्या नाहीतर जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खाली मुरमाची जमीन. कौलांच्या फटींतून धूर जायचा, वाफ जायची. मुरूम मूत जिरवायचा. तो गोठा चारी बाजूंनी बंद केला तरी वरून श्वास घेत होता. मामांनी उभी हयात त्या गोठ्यात जनावरं सांभाळली, तिथे त्यांची रीत चालून गेली. पत्र्यातून काही जात नाही. एक मोठं दुभतं जनावर श्वासातून आणि अंगातून दिवसाला १० लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतं. तीन जनावरांची ही वाफ रात्रभर ताडपत्रीत कोंडते, पहाटे गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि ते थेंब म्हशीच्या पाठीवर पडतात. कोब्यावर मूत साचतं, शेण त्यात मिसळतं आणि अमोनिया सुटतो. बारा अंशांची थंडी कोरड्या अंगाला बाधत नाही, ओल्या अंगाला बाधते. पहाटेचं ठसकणं याच ओलीचं आणि याच वासाचं आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. उद्या पहाटे ताडपत्री उघडायच्या आधी आत जा आणि बसलेल्या म्हशीच्या नाकाच्या उंचीला उकिडवं बसून राहा. उभ्याने कळणार नाही, बसा. पाच-दहा मिनिटांत डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर जनावर रात्रभर काय ओढतंय ते समजेल. वर बघून पत्र्याला हात लावा, ओला लागतो का. मग ती बसते त्या जागी गुडघा टेका आणि अर्धा मिनिट तसंच राहा. साडी ओली झाली तर अंथरूण ओलं आहे, मग वरून ते कितीही कोरडं दिसो. ही गुडघ्याची परीक्षा मला सगळ्यांत खरी वाटते. पैसा लागत नाही आणि वादाला जागा उरत नाही.

ताडपत्री पूर्ण काढा असं मी म्हणणार नाही. थंडीत वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, त्या अंगाची ताडपत्री राहू दे. जमिनीपासून म्हशीच्या पाठीच्या वर हातभर, एवढी उंच. तिच्या वरून पत्र्यापर्यंत दीड-दोन फूट मोकळं सोडा. समोरच्या बाजूलाही वरच्या अंगाला तेवढीच मोकळीक हवी, म्हणजे कोंदट हवा एकीकडून उचलली जाऊन दुसरीकडून निघून जाईल आणि बसलेल्या जनावराला झुळूकही लागणार नाही. ऊन वर आलं की पूर्वेची ताडपत्री गुंडाळून वर करा. ऊन आत येऊ दे, कोबा वाळू दे. संध्याकाळी दूध काढून झालं की पुन्हा सोडा. जमलं तर दुपारी जनावरं दोन-तीन तास अंगणात उन्हात बांधा.

शेगडी मात्र आजच बंद करा. ही एकच गोष्ट मी आग्रहाने सांगते. बंद जागेत कोळसा धुमसला की जो विषारी वायू तयार होतो त्याला वास नसतो, रंग नसतो. जनावरांचं सोडा, पहाटे दूध काढायला आत बसणाऱ्या तुम्ही आणि मामा त्यात सापडू शकता. शिवाय शेजारी पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं काड, असतं, एक ठिणगी पुरते. संध्याकाळी डास-माश्यांसाठी कडुलिंबाचा धूर करायची रीत असेल तर तो बाहेर, वाऱ्याच्या अंगाला करा.

हीटरचं उत्तर यातच आलं. मोठ्या जनावरांना तो लागत नाही, आणि ओल्या गोठ्यातली उघडी वायर हा वेगळाच धोका. काही ठिकाणी उबेसाठी रात्रभर बल्ब ठेवतात. हल्लीचे एलईडी बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत, तेव्हा त्यावर वीज घालवू नका. कोट-झुली गाईला-म्हशीला नकोत. फक्त पहिल्या महिनाभराच्या पिलाला जुन्या घोंगड्याचा किंवा गोणपाटाचा शिवलेला कोट रात्री घाला, सकाळी काढून उन्हात टाका. ओला कोट अंगावर राहिला तर तो नसलेलाच बरा.

जो पैसा हीटरवर जाणार होता तो जमिनीवर घाला, ताई. कोब्याला नालीकडे उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी मागेच थांबत असेल तर गवंड्याकडून एक दिवसाचं काम करून घ्या. मूत लगेच वाहून गेलं की अर्धा वास तिथेच संपतो. अंथरायला तुमच्याकडे भाताचं पिंजर आहे, त्यापेक्षा चांगलं काही शोधायला नको. निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना उसाचं पाचट किंवा वाळलेली चिपाडं चालतील, पण पूर्ण वाळलेली हवीत, बुरशी नको. सकाळी ओलं तेवढं ओढून शेणखड्ड्यात टाका, संध्याकाळी कोरडं वर घाला. रोज सगळं बदलायची गरज नसते. ओल्या कोब्यावर बसणाऱ्या म्हशीला थंडीत कासदाह, म्हणजे कासेची सूज, लवकर होतो. दूध काढल्यावर म्हैस लगेच बसली तर सडाची तोंडं उघडी असतात, म्हणून तेव्हाच तिच्यापुढे वैरण टाका. अर्धा तास तरी ती उभी राहील.

आंघोळ घालायची तर उन्हात, दुपारी. पहाटे धारेच्या वेळी फक्त कास कोमट पाण्याने धुवा आणि फडक्याने कोरडी करा. गार वाऱ्याने सडं फुटतात, धार झाल्यावर बोटभर लोणी किंवा खोबरेल पुरे.

दूध लिटरभर उतरलंय म्हणता. ते थंडीने उतरलं असं धरण्याआधी पाण्याची टाकी बघा. दुभत्या जनावराला एका लिटर दुधामागे तीन-चार लिटर पाणी लागतं. रात्रभर सिमेंटच्या टाकीत राहिलेलं पाणी पहाटे बर्फासारखं लागतं, म्हैस दोन घोट घेऊन तोंड फिरवते. पाणी कमी प्यालं की खाणं कमी, खाणं कमी की दूध कमी. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी थंडीतही कोमट असतं, हे तुम्हाला धुणं धुताना कळतच असेल. टाकी रात्री रिकामी करा आणि पाजायच्या वेळीच पाणी उपसा. पाणी तापवायचा खटाटोप नको. एवढं एक करून आठवडाभर डेअरीची पावती बघा.

वैरणीत मोठा बदल नको, वाटणी बदला. सुकी वैरण, म्हणजे पिंजर-कडबा, जास्त करून संध्याकाळी द्या. ती सावकाश आंबते, तिची ऊब पहाटेपर्यंत पुरते. नुसत्या पिंजरात दम नसतो, त्यासोबत पेंड आणि थोडा हिरवा चारा चालू ठेवा. गूळ थोडा दिला तर हरकत नाही, पण भरपेट वैरणीची जागा तो घेऊ शकत नाही. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ मोठ्या जनावराला चुकवू नका.

इथे तुमच्यापेक्षा हुक्केरी, रायबाग, चिकोडीच्या वाचकांसाठी जास्त लिहिते. गळीत हंगामात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट नाहीतर स्वस्तात मिळतं, म्हणून दोन-दोन महिने जनावरं नुसत्या वाड्यावर असतात. वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि जनावराच्या अंगातला चुना घटत जातो. वाडं निम्म्याच्या आत ठेवा, बाकी दुसरी वैरण मिसळा, खनिज मिश्रण नेमाने द्या. याचा थंडीशी संबंध असा, की चांगली दुधाळ गाय-म्हैस व्यायल्यावर एक-दोन दिवसांत अचानक बसली, उठेना, मान पोटाकडे वळवली, कान आणि अंग गार लागलं, तर घरातले म्हणतात थंडी भरली. मग पोती पांघरतात, शेगडी आणतात, आणि त्यात मोलाचे तास जातात. तो बहुतेक वेळा दुग्धज्वर असतो, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरल्याने होणारा. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, अंग गार असतं. डॉक्टरांनी वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर तेच जनावर पुष्कळदा तासाभरात उठून उभं राहतं. घरच्या उपायांत रात्र घालवली तर सकाळी हाती लागत नाही. तुमची म्हैस विणार आहे, म्हणून हा परिच्छेद मामांना मुद्दाम वाचून दाखवा.

पिलाचा कोपरा आत्ताच तयार करा, विण्याची वाट बघू नका. वारा न येणारी भिंतीकडची जागा, खाली आधी वाळलेला पाला किंवा भुसकट, वर पिंजर, एवढं जाड की रेडकू बसलं की त्याचे पाय पिंजरात दिसेनासे झाले पाहिजेत. पाय दिसत असतील तर अजून घाला. वरून उघडं, बाजूंनी गोणपाट. जन्मल्याबरोबर नाकातोंडातला चिकटा काढा, म्हशीला चाटू द्या आणि तुम्ही कोरड्या गोणपाटाने खसखसून पुसा. केस कोरडे होऊन उभे राहिले पाहिजेत. नाळेला टिंक्चर आयोडीन. मग चीक. रेडकू गार पडलं असेल, चोखायची ताकद नसेल, तर आधी त्याला उबदार करा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून अंगाशी ठेवा, आणि चोखू लागल्यावरच पाजा. जबरदस्तीने ओतलेलं दूध फुप्फुसात जातं. दहा-पंधरा दिवसांनी जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या, रेडकांना आईकडूनच जंत येतात.

शेळ्यांना जमिनीपासून वर, फळ्यांचा माचा करा, फळ्यांमध्ये बोटभर फट. करडं असतील तर रात्री त्यांना एकत्र एका डालग्यात. दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका, ओल्या गवताच्या शेंड्यावर जंतांची पिल्लं असतात. लाळ्या-खुरकताची लस सरकारकडून फुकट मिळते. या मोसमातली राहिली असेल तर गाभण जनावराची तारीख डॉक्टरांना सांगून विचारा.

आता मामा. त्यांच्यासमोर 'डॉक्टर असं म्हणाले' हे वाक्य पुन्हा उच्चारू नका. डॉक्टरांनी घाईत, कन्नडमध्ये, दोन वाक्यांत सांगितलं. मामांना कन्नड येतं, पण आपल्या हयातभराच्या कामाला कुणी परक्याने दोन वाक्यांत चूक ठरवलं तर ते कोणत्याही भाषेत लागतं. बहात्तराव्या वर्षी पहाटे चारला उठून जनावरांसाठी शेगडी पेटवणारा माणूस आहे तो. रेडकू गेलं तेव्हा त्यांनाही दुःख झालं असणार, आणि ते त्यांनी तुमच्यावर काढलं. ते चुकलंच, त्यावर पांघरूण घालायची गरज नाही. पण त्यांना चूक कबूल करायला लावणं आणि यंदाचं रेडकू जगवणं, यातलं एकच आधी करता येईल.

त्यांना जुन्या गोठ्याबद्दल विचारा. धूर कुठून जायचा, मूत कुठे जायचं, आता पत्र्यावरून ठिबकतं तसं पहाटे पाणी ठिबकायचं का. ते सांगू लागले की गुडघा टेकायची परीक्षा त्यांच्यासोबत करा, तुम्ही एकटीने करून निकाल सांगू नका. बेळगावात कुठेही साधा भिंतीवरचा तापमापक स्वस्तात मिळतो. तो म्हशीच्या उंचीला टांगा आणि ताडपत्री वरून उघडल्यावर पहाटे किती उतरतो ते मामांनाच वाचू द्या. जनावरांच्या अंगच्या उबेने आत बाहेरच्याहून थोडं जास्तच असतं. आणि पिलाचा कोपरा पूर्ण त्यांच्याकडे सोपवा. उबेची काळजी त्यांना आहे, ती जिथे खरोखर हवी तिथे लावा. चीक पाजायची वेळ तुमच्याकडे ठेवा. नवऱ्यालाही यात घ्या. गोठ्याचं दूध घरात येतं, तर गोठ्यातलं भांडणही त्याला ठाऊक हवं. रविवारी मामांसमोर 'गेल्या वर्षीचं आता काढायचं नाही' एवढं त्याने बोललं तरी तुमचं निम्मं काम होईल.

म्हैस विकायचं म्हणता, ते गाभण म्हशीला किंमत चांगली येते या हिशोबाने असेल तर वेगळं. पण ते भीतीपोटी असेल तर थांबा. पत्रातून मला हिशोब दिसला नाही, भीती दिसली. माघ संपेपर्यंत काही ठरवू नका. म्हैस व्यायली, रेडकू महिन्याचं झालं, मग बसून खर्च-मिळकत मांडा आणि विकावीशी वाटली तर बिनघोर विका.

विण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी गोठ्यातल्या फळीवर एवढं काढून ठेवा: चार कोरडी गोणपाटं, टिंक्चर आयोडीन, पाजायची स्वच्छ बाटली, मेडिकलमध्ये मिळतो तो साधा ताप मोजायचा थर्मामीटर. रेडकाचा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, नाकातून घट्ट शेंबूड आला, बसल्या जागी धाप लागली किंवा एक वेळचं दूध सुटलं, तर दुसऱ्या वेळेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. हगवण लागली तर दूध तोडू नका, मीठ-साखरेचं पाणी मधल्या वेळेत पाजत राहा आणि डॉक्टर बोलवा. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याच्या गाडीचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे असं लिहिलंत. तो मामांच्या फोनमध्येही घाला, पहाटे गोठ्यात पहिले तेच असतात.